लेकीला चष्मा लागला म्हणून गेलो, चिठ्ठीवर लिहून मिळालं: रोज २ तास उजेड

५ पैकी ४ स्टार देतेय, एक का कापला ते खाली लिहिलंय. रिव्ह्यू लांबणार आहे, आधीच सांगते. पण ज्यांच्या घरात सहा ते बारा वयाचं मूल आहे आणि शाळेतून "हिला फळ्यावरचं दिसत नाही वाटतं" असा निरोप आलाय त्यांनी पूर्ण वाचा. मला हे वर्षभर आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

साताऱ्यात राजवाड्याच्या बाजूला हा डोळ्यांचा दवाखाना आहे, वर मॅडम तपासतात आणि खाली तळमजल्यावर त्यांचंच चष्म्याचं दुकान, तिथे एक वयस्कर काका बसतात. बाहेरून बघितलं तर जुनाट वाटतं, काचेची चकचकीत शोकेस वगैरे काही नाही. आम्ही पहिल्यांदा इथे गेलोच नव्हतो, तेच आधी सांगते.

माझी मनू तिसरीत आहे, आठ वर्षांची. दिवाळीनंतर बाईंनी सांगितलं की ती फळ्यावरून न उतरवता शेजारणीच्या वहीतून उतरवते. मला वाटलं आळस करतेय, ओरडले पण तिला, आणि ते अजून मनाला लागतं. मग बाजारातल्या एका दुकानात नेलं, नाव लिहीत नाही. मशीनमधे डोकं ठेवलं, आत ते घराचं चित्र दिसतं ते, कागद आला बाहेर, दोन्ही डोळ्यांना मायनस २. दहा मिनिटांत सगळं उरकलं. वर "आजकाल मुलं मोबाईल बघतात ना मॅडम, ब्लू कट घ्याच" म्हणून त्याचे (म्हणजे स्क्रीनचा निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांचे) वेगळे पैसे. बिल झालं २८००. फ्रेम तिला आवडली, गुलाबी, मोठी गोल. घरी आल्यावर दोन दिवसांत डोकं दुखतंय म्हणायला लागली, चष्मा नाकावर घसरायचा आणि ती काचेच्या वरून बघायची. आठवड्याभरात चष्मा दप्तराच्या तळाशी.

आमच्या पतसंस्थेतल्या एका ताईंनी सांगितलं की मुलांचा नंबर थेंब न टाकता काढायचाच नसतो, राजवाड्याजवळच्या मॅडमकडे जा. म्हणून इथे आलो.

पहिली गोष्ट जी मला वेगळी वाटली ती म्हणजे मॅडमनी मोबाईल किती बघते हे विचारलंच नाही. त्यांनी कोरा कागद घेतला आणि म्हणाल्या, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत मनू कुठे असते ते तासातासाने सांगा. मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. सातला रिक्षा, साडेबारापर्यंत शाळा, एक ते तीन जेवण आणि टॅब, मग थोडी झोप, चार ते साडेपाच ट्यूशन, आल्यावर होमवर्क, त्यातलं निम्मं ग्रुपवर आलेले फोटो बघून उतरवायचं म्हणजे परत मोबाईलच, आठला टीव्ही, साडेनऊला झोप, झोपताना माझा फोन दहा-पंधरा मिनिटं. सगळं लिहून झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "यात ती उघड्यावर कधी असते?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. रिक्षातून उतरून शाळेच्या गेटपर्यंत, एवढंच. रविवारी पण आम्ही फिरायला म्हणून कुठे जातो तर मॉल नाहीतर हॉटेल, दोन्हीकडे छप्पर.

मग थेंब. हे नीट लिहिते कारण बऱ्याच आयांना याची भीती वाटते. थेंब टाकल्यावर चांगलेच झोंबतात, मनू पहिल्या वेळी रडली. दर दहा मिनिटांनी असे तीन वेळा टाकतात, मग तासभर डोळे मिटून बसायचं. बाहुली मोठी होते आणि जवळचं वाचायला लावणारा डोळ्यातला स्नायू तात्पुरता ढिला पडतो. मग अंधाऱ्या खोलीत मॅडम हातात एक बॅटरीसारखं धरून उजेडाची बारीक पट्टी डोळ्यावरून इकडून तिकडे फिरवतात आणि एकेक काच डोळ्यापुढे धरून बघतात. मुलाला काही वाचून सांगावं लागत नाही. या पद्धतीने नंबर निघाला उजवा मायनस १, डावा मायनस सव्वा.

म्हणजे आधीच्या दुकानात जवळजवळ दुप्पट नंबर दिला होता!

मॅडमनी मनूलाच समजावलं. म्हणाल्या मूठ घट्ट आवळ, दोन मिनिटं तशीच ठेव, आता सोड. बोटं लगेच सरळ झाली का? नाही ना. तसंच सारखं जवळचं बघून डोळ्यातला स्नायू आवळलेला राहतो, लहान मुलांचा तर तो खूपच ताकदवान असतो, आणि अशा वेळी नुसत्या मशीनवर बघितलं की खऱ्यापेक्षा जास्त मायनस दाखवतं. थेंबांनी तो सैल केला की खरा नंबर कळतो. जास्त नंबरचा चष्मा घातला की डोळ्याला सतत जोर लावावा लागतो, म्हणून डोकं दुखत होतं. आठ वर्षांच्या मुलीने मूठ उघडमीट करत हे सगळं ऐकलं आणि घरी येऊन आजीला जसंच्या तसं सांगितलं. मला इथलं हे सगळ्यात आवडलं, मुलाशी बोलतात, मुलाच्या डोक्यावरून आईशी बोलत नाहीत.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्याची लांबी मोजायचं मशीन असतं ना, त्यावर मनूच्या डोळ्याची लांबी पण मोजली. २३.४ मिलिमीटर आली. मला माहीतच नव्हतं की हे मोजतात. जन्मलेल्या बाळाचा डोळा साधारण १७ मिलिमीटरचा असतो, मोठ्या माणसाचा २४ च्या आसपास, आणि निकटदृष्टिता, म्हणजे मायोपिया, लांबचं धूसर दिसणं, मायनसचा नंबर, ती डोळा गरजेपेक्षा लांब वाढल्याने येते. १ मिलिमीटर जास्त वाढला की अडीच-तीन नंबर चढतो. आणि एकदा लांब झालेला डोळा परत आखूड होत नाही. गाजर खा, डोळ्यांचे व्यायाम करा, नंबर उतरवणारे थेंब मिळतात, हे सगळं जे आपण ऐकतो त्याने लांबी कमी होत नाही. वाढायचा वेग कमी करता येतो, बास.

मग मी तो प्रश्न विचारला जो प्रत्येक आई विचारत असेल, मोबाईलमुळेच झालं ना हे? मला वाटलं मॅडम हो म्हणतील आणि मला चार शब्द सुनावतील. त्यांनी सरळ सांगितलं की एकट्या मोबाईलवर ढकलू नका. आईवडिलांना चष्मा असेल तर मुलांना लागायची शक्यता वाढते, माझा स्वतःचा मायनस ४ आहे, तिच्या बाबांचा पण आहे. दुसरं म्हणजे जवळचं काम, त्यात मोबाईल आला, टॅब आला आणि पुस्तक पण आलं. मोबाईल वाईट का, तर मुलं तो वीतभर अंतरावर धरतात आणि तासनतास हलत नाहीत, पापणी लवायची पण कमी होते म्हणून डोळे कोरडे पडतात, लाल होतात. टीव्ही त्यामानाने लांब असतो. आणि तिसरी गोष्ट जी आपण विसरूनच गेलोय ती म्हणजे बाहेरचा उजेड.

इथे त्यांनी जे केलं ते मी विसरणार नाही. स्वतःच्या फोनवर उजेड मोजायचं ॲप उघडलं आणि मनूच्या हातात दिलं. खोलीत ट्यूबलाईट चालू होती, आम्हाला तर लख्ख वाटत होतं, आकडा आला १८० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप). खिडकीपाशी नेला तर हजाराच्या वर. मग मनूला खाली अंगणात पाठवलं, सोबत कंपाउंडर दादा, तिथे कडुलिंबाचं झाड आहे त्याच्या सावलीत. ती धावत वर आली आणि ओरडूनच सांगितलं, "मम्मी दहा हजार!" सावलीत, उन्हात पण नाही. (तेव्हा थेंब टाकले नव्हते हो, हे आधीचं आहे, थेंबांनंतर बाहेर डोळे उघडवत नाहीत.)

मॅडम म्हणाल्या की उजेड भरपूर असला की डोळ्याच्या पडद्यात डोपामिन नावाचं रसायन सुटतं आणि ते डोळ्याची लांबी वाढायला आवर घालतं, असं संशोधकांचं म्हणणं आहे. चीनमधे ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांवर एक मोठी चाचणी झाली, २०१५ साली ती छापून आली, काही शाळांमधे रोज फक्त ४० मिनिटांचा जादा तास मैदानावर ठेवला आणि काहींमधे नाही. तीन वर्षांनी बघितलं तर जादा तास न मिळालेल्यांपैकी ३९.५ टक्के मुलांना नव्याने मायोपिया झाला होता आणि मिळालेल्यांपैकी ३०.४ टक्के. ना अभ्यास कमी केला ना औषध दिलं. तैवानने तर २०१० पासून शाळांमधे रोज १२० मिनिटं बाहेर असा कार्यक्रमच चालवला. मी घरी येऊन हे दोन्ही शोधून वाचलं, मॅडम बरोबर सांगत होत्या.

यावरून एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली. आम्ही आधी काय करायचो, टॅब हिसकावून घ्यायचो आणि म्हणायचो चित्रं काढत बस, गोष्टीचं पुस्तक वाच. चित्रं काढणं, पुस्तक वाचणं चांगलंच आहे, डोक्यासाठी, भाषेसाठी, त्याबद्दल वादच नाही. पण डोळ्याच्या लांबीला तो फरक कळत नाही, ट्यूबलाईटखाली वीतभर अंतरावर बघणं तेच राहतं. स्क्रीन काढून घेतली तर त्या जागी उजेड द्यावा लागतो. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, सगळे नुसते "मोबाईल देऊ नका" एवढंच सांगतात.

तर चिठ्ठीवर औषधाच्या जागी लिहिलं: रोज २ तास बाहेरचा उजेड, एकदम नाही जमलं तर तुकड्यातुकड्यात. वाचताना, टॅब बघताना कोपरापासून मुठीपर्यंतचं अंतर. २० मिनिटं जवळचं बघितलं की २० सेकंद २० फुटांवर बघायचं. झोपायच्या आधी तासभर स्क्रीन नाही. सहा महिन्यांनी परत लांबी आणि नंबर. चष्मा पूर्णवेळ घालायचा, कमी नंबर आहे म्हणून शाळेपुरता घालू असं करायचं नाही. मुद्दाम कमी नंबरचा चष्मा पण द्यायचा नाही, त्याने नंबर वाढायचा थांबत नाही.

२ तास कुठून आणायचे हा प्रश्न होता. आम्ही दोघं नोकरी करतो, ह्यांची एमआयडीसीत शिफ्ट. कागदावरचं वेळापत्रक परत काढून बसलो तेव्हा कळलं की ट्यूशनची वेळच मुळात घात करतेय. थंडीत सहालाच मावळतं, चार ते साडेपाच म्हणजे दिवसाचा शेवटचा उजेड ट्यूशनच्या खोलीत जातो. ट्यूशनवाल्या ताईंना विनंती करून सातची बॅच घेतली. त्यांनी आधी कुरकुर केली, मग आणखी दोन मुलांच्या आया पण तेच म्हणाल्या तेव्हा तयार झाल्या. आता साडेचार ते सहा कॉलनीतल्या मोकळ्या प्लॉटवर असतात सगळी, लगोरी, डबा ऐसपैस, सायकल. डबा खायच्या सुट्टीत वर्गात न बसता झाडाखाली बसायचं हे बाईंना वहीत लिहून दिलं, त्यांनी आनंदाने केलं. रविवारी सकाळी अजिंक्यतारा. पहिल्या रविवारी अर्ध्या रस्त्यात पाय दुखतात म्हणून बसली होती, आता माझ्या पुढे चालते. उन्हाळ्यात मात्र दुपारी पाठवत नाही, सकाळी लवकर आणि संध्याकाळी, टोपी घालून, आणि सावलीत चालतं हे तर आम्ही डोळ्यांनीच बघितलंय.

संध्याकाळचं सांगते. माझं माहेर सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावबद्दल तुम्ही वाचलं असेल, तिथे २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला सायरन वाजतो, तो वाजला की गावात सगळ्यांनी टीव्ही मोबाईल बंद करायचे, साडेआठला दुसरा सायरन होईपर्यंत. गावाने ठरवलं म्हणून झालं, एकट्या घराला अवघड जातं हे मला अनुभवाने कळतंय. आमच्याकडे सासूबाईंनी यावर मार्ग काढला. त्या देवापुढे दिवा लावतात तेव्हा सगळ्यांचे फोन हॉलमधल्या कपाटावर, माझा आणि ह्यांचा पण. जेवणं होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. होमवर्कचे फोटो तेवढे मी आधीच बघून कागदावर उतरवून ठेवते. पहिला आठवडा ह्यांनाच जड गेला, मनूला नाही.

आता धाकट्याबद्दल, कारण मॅडम त्याच्याबद्दल मी न विचारताच बोलल्या आणि मला आधी थोडा रागच आला होता. तो अडीच वर्षांचा. वेटिंगमधे रडायला लागला म्हणून मी फोनवर कार्टून लावून दिलं होतं, आत नेला तरी तो वर बघेना. मॅडमनी विचारलं, जेवतो कसा? खरं सांगितलं, मोबाईल दाखवल्याशिवाय तोंड उघडत नाही. मग त्या म्हणाल्या, मी डोळ्यांची डॉक्टर आहे, पण बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेने २०२१ मधे स्पष्ट सांगितलंय, दोन वर्षांच्या आत स्क्रीन अजिबात नाही, लांबच्या नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल तेवढा चालतो, दोन ते पाच वर्षं जास्तीत जास्त १ तास आणि तोही मोठं माणूस शेजारी बसून, पाच ते दहा वर्षांत २ तासांच्या आत. जागतिक आरोग्य संघटनेने पण २०१९ मधे चार वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असंच सांगितलं होतं. किती शब्द बोलतो विचारलं, समोरच्याच्या डोळ्यात बघतो का, हाक मारल्यावर वळतो का, आणि बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवून घ्या म्हणाल्या. दाखवलं, सगळं ठीक आहे, बोलायला थोडा मागे होता एवढंच.

सासूबाईंना मी दोष देत नाही आणि कुणी देऊ नका. दिवसभर दोन मुलं, गुडघे दुखतात, मूल उपाशी राहू नये ही काळजी, आणि मोबाईल लावला की दहा मिनिटांत वाटी संपते. पण मूल चित्र बघत गिळत असतं, पोट भरलं का हे त्याचं त्याला कळत नाही, घास कसला आहे हे पण बघत नाही. आम्ही बंद केलं तेव्हा पहिले तीन दिवस वाईट गेले. दोन घास खाऊन उठायचा, सासूबाईंचा जीव वरखाली. चौथ्या दिवशी दुपारी त्याने स्वतःच्या हाताने वरणभात कालवला, निम्मा सतरंजीवर, आणि प्रत्येक शिताकडे बघून "हे भात, हे भात" म्हणत बसला. सासूबाई तिथेच बसून रडल्या. आता जेवायला अर्धा तास लागतो, सतरंजी रोज धुवावी लागते, पण तो जेवताना बोलतो, आमच्या ताटात काय आहे ते विचारतो.

परत दवाखान्याकडे येते. खाली काकांचं दुकान. चाळीस वर्षं हेच काम करतायत म्हणाले. मी तो जुना गुलाबी चष्मा दाखवला तर त्यांनी काडी उलटी करून आतल्या बाजूला छापलेले आकडे वाचून दाखवले, ५१, १७, १४०. पहिला काचेची रुंदी, दुसरा नाकावरचं अंतर, तिसरा काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमधे. म्हणाले ही मोठ्या बाईची फ्रेम आहे ताई, पोरीच्या चेहऱ्याला कशी बसेल. मनूला बसली ती ४४, १६, १२५ ची. दोन बाहुल्यांमधलं अंतर पट्टीने मोजलं, दोनदा, कारण मनू हलली होती. नाकाला मऊ सिलिकॉनचे पॅड, कानामागे रबर. काचा पॉलिकार्बोनेटच्या, पडल्या तरी फुटून डोळ्यात जात नाहीत, लहान मुलांना याच द्यायच्या असं त्यांचं ठाम म्हणणं.

ब्लू कट विचारलं तर म्हणाले नको, पैसे वाचवा. मला पटेना, कारण सगळीकडे तेच सांगतात. वर मॅडमना विचारलं तर त्यांनी पण तेच सांगितलं, २०२३ मधे कॉक्रेनने (वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था) १७ चाचण्या एकत्र करून तपासल्या आणि डोळ्यांचा थकवा या काचांनी कमी होतो असं काही दिसलं नाही. दुकानदार स्वतःहून महाग वस्तू नको म्हणतोय हे मी पहिल्यांदा बघितलं. नंबर वाढायचा वेग कमी करणाऱ्या खास काचा असतात त्या वेगळ्या, हाँगकाँगच्या दोन वर्षांच्या चाचणीत तशा काचांनी वेग निम्म्याच्या आसपास आला होता, पण किंमत पाच आकडी. मॅडम म्हणाल्या आत्ताच नको, सहा महिन्यांत अर्ध्या नंबरने किंवा जास्त वाढला तर तेव्हा बोलू, रात्री घालायचे अगदी कमी ताकदीचे ॲट्रोपिनचे थेंब हा पण एक मार्ग आहे. मला हे पटलं. घाबरवून काही विकलं नाही.

फ्रेम आणि काचा मिळून १४५०, तपासणी ३०० वेगळी. तीन दिवसांनी परत बोलावलं होतं, बाहुल्या नेहमीसारख्या झाल्यावर मनूकडून पाटी वाचून घेऊन नंबर पक्का केला, त्यानंतर चष्मा बनवायला टाकला. एक हेलपाटा जास्त झाला पण बरोबर आहे ते.

चष्मा मिळाला त्या संध्याकाळी मनू गॅलरीत गेली आणि बराच वेळ आलीच नाही. बघायला गेले तर समोरच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोरीवरचे चिमटे मोजत होती. सतरा. त्यातले चार निळे. "मम्मी ते चिमटे आधीपण होते का गं?" म्हणाली. मी आत जाऊन डोळे पुसले.

आता एक स्टार का कापला. अपॉइंटमेंट साडेदहाची, नंबर लागला सव्वाबाराला, आणि वर थेंबांचा तास. लहान मुलाला घेऊन एवढा वेळ बसणं फार त्रासाचं आहे. फोन लागत नाही, लागला तर उचलत नाहीत. जिना अरुंद आणि उभा, आमच्या सासूबाईंना धरून चढवावं लागलं, डोळ्यांच्या दवाखान्यात निम्मे पेशंट म्हातारे असतात याचा विचार व्हायला हवा. आणि मला सगळ्यात खटकलं ते म्हणजे वेटिंगमधला टीव्ही. आत मॅडम एवढं छान सांगतात आणि बाहेर मोठ्या आवाजात टीव्ही, त्याच्याखाली सगळी मुलं आपापल्या आयांचे फोन घेऊन. खाली एवढं चांगलं अंगण आहे, कडुलिंब आहे, तिथे दोन बाकडी टाकली आणि नंबर आला की हाक मारली तर किती बरं होईल. मी मॅडमना हे तोंडावर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, वाईट वाटून घेतलं नाही. सहा महिन्यांनी गेलो तेव्हा टीव्ही तसाच होता पण अंगणात एक बाकडं आलं होतं.

सहा महिन्यांचा रिपोर्ट: उजवा मायनस १, डावा मायनस सव्वा, तेवढाच. लांबी २३.५, म्हणजे ०.१ ने वाढली, या वयात थोडी वाढणारच म्हणाल्या. मॅडमनी हे पण सांगितलं की एका रिपोर्टवर खूश होऊन सोडून देऊ नका, पुढची चार-पाच वर्षं वाढीची आहेत. काकांनी कानामागचे रबर बदलून दिले, स्क्रू घट्ट केले, पैसे घेतले नाहीत.

जाणाऱ्यांसाठी: सोमवार आणि गुरुवार टाळा, त्या दिवशी बाजूच्या गावांतून गर्दी असते. पार्किंग नाही, गाडी राजवाड्याच्या बाजूला लावून चालत या. जुना चष्मा आणि आधीचा कागद सोबत न्या. शाळेच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी थेंब टाकायला जाऊ नका, दुसऱ्या दिवसापर्यंत जवळचं वाचता येत नाही. आणि मुलांसाठी टोपी नक्की न्या, थेंबांनंतर उन्हात डोळे उघडत नाहीत, मनू घरापर्यंत रिक्षात माझ्या ओढणीत तोंड खुपसून आली.